जिम थॉर्प

वार्षिक क्रीडादिनीं जीं मुलें धांवण्यांत पुढें असतात तीं बहुधा गोळाफेकींत मागें पडतात, आणि ज्यांचा गोळा लांब जातो त्यांना धांवतांना दम लागतो, हें आमच्या वाचकांनीं स्वतः पाहिलेलेंच आहे. वेग, बळ, दम व लवचिकपणा हीं सारीं एकाच देहांत क्वचितच नांदतात. ज्याच्या ठिकाणीं तीं एकत्र आलीं होतीं, अशा एका पुरुषाचें चरित्र आज आम्ही येथें देत आहों.

जेम्स थॉर्प, ज्याला सारें जग जिम या नांवानें ओळखतें, तो १८८७ च्या सुमारास अमेरिकेंत, आज ज्यास ओक्लाहोमा म्हणतात त्या प्रांतांत जन्मला. कोलंबस हिंदुस्थानच्या शोधार्थ निघाला, अमेरिकेस लागला आणि तेथील लोकांना इंडियन म्हणून मोकळा झाला, ही गोष्ट मुलांनीं इतिहासांत वाचलीच असेल. त्या मूळच्या लोकांपैकीं सॅक व फॉक्स या जमातीचा हा मुलगा. जमातींतील त्याच्या नांवाचा अर्थ उजळलेली वाट असा सांगतात. वाट मात्र आरंभापासून बिकटच होती. त्याचा जुळा भाऊ चार्ली लहानपणींच वारला. तेव्हांपासून जिमचें मन शाळेंत रमेना. तो पळून घरीं येई आणि बाप त्यास पुन्हां पोंचवी. पुढें आईबापांचें छत्रही गेलें.

१९०४ सालीं तो पेन्सिल्व्हेनियांतील कार्लाइल येथील निवासी शाळेंत दाखल झाला. ही सरकारी शाळा खास इंडियन मुलांसाठीं होती. मुलांना घरापासून दूर ठेवावें, त्यांचे केस कापावे, त्यांची भाषा त्यांच्या तोंडून नाहींशी करावी आणि त्यांना गोऱ्यांच्या चालीरीती लावाव्या, असा तिचा हेतु असे. ही पद्धति आम्हांस मुळींच रुचत नाहीं. परंतु जिमचा गुण प्रथम कळला तो याच शाळेच्या मैदानावर. १९०७ सालीं तो कामाच्या कपड्यांत मैदानावरून जात असतां कांहीं विद्यार्थी उंच उडीचा सराव करीत होते. दांडी त्यांना साधेना. जिमनें तसाच, त्याच कपड्यांत, पांच फूट नऊ इंचांची उडी मारली, असें सांगतात. खेळांचे शिक्षक ग्लेन वॉर्नर यांच्या कानीं हें गेलें आणि त्यांनीं त्याला आपल्या हाताखालीं घेतलें.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा. त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात व एकमेकांस खालीं पाडतात. १९११ सालीं कार्लाइलच्या संघानें हार्वर्ड विद्यापीठासारख्या बलाढ्य संघास १८ विरुद्ध १५ गुणांनीं हरविलें, तेव्हां लाथेनें मारलेले चार गोल एकट्या थॉर्पचे होते.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९१२ च्या जुलै महिन्यांत, स्वीडनमधील स्टॉकहोम येथें ऑलिंपिक सामने भरले. पांच खेळांच्या पंचस्पर्धेंत थॉर्पनें चार खेळ जिंकले. लांब उडी, २०० मीटर, थाळीफेक आणि १५०० मीटर. केवळ भालाफेकींत तो तिसरा आला. मग दशस्पर्धा आली. तीन दिवस, दहा खेळ, आणि त्यांतील शेवटचा पुन्हां १५०० मीटरचा! स्पर्धेच्या वेळीं त्याचे जोडे कोणी पळविले, तेव्हां त्यानें मिळतील ते दोन विजोड जोडे पायांत घातले, असें सांगतात. त्या वेळच्या छायाचित्रांत त्याच्या दोन पायांत दोन तऱ्हेचे जोडे स्पष्ट दिसतात. त्याचे ८४१२ गुण झाले. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो विस्लँडर जवळजवळ ७०० गुणांनीं मागें राहिला. स्वीडनच्या राजानें स्वहस्तें त्याचा गौरव केला, आणि न्यूयॉर्कांत त्याची मिरवणूक निघाली. ज्या देशासाठीं तो धांवला, त्या देशानें सर्व इंडियनांना नागरिकत्व दिलें तें मात्र १९२४ सालीं.

सहा महिनेही लोटले नाहींत तोंच, १९१३ च्या जानेवारींत, एका वृत्तपत्रांत बातमी आली कीं, थॉर्पनें १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनांत पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक सामने तेव्हां केवळ हौशी खेळाडूंसाठीं होते. ज्यानें कोणत्याही खेळांत पैसा घेतला, तो धंदेवाईक ठरे. रक्कम क्षुल्लक होती, आणि सुटीत असे खेळणारे दुसरेही विद्यार्थी पुष्कळ होते. फरक इतकाच कीं, ते खोटीं नांवें घेत आणि थॉर्प आपल्या खऱ्या नांवानें खेळला. त्यानें पत्र लिहून सारें कबूल केलें व आपल्या अजाणपणाबद्दल क्षमा मागितली. शाळेच्या चालकांनीं व वॉर्नर यांनीं आपणांस कांहीं ठाऊक नव्हतें असें सांगितलें. तें खरें मानणारे आज थोडेच. पदकें परत गेलीं, राजाची भेटही परत गेली, आणि विजेत्यांच्या यादींतून त्याचें नांव खोडलें गेलें.

नियम मोडला होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु स्टॉकहोमच्या सामन्यांचा दुसराही एक नियम होता: कोणाविरुद्ध तक्रार करावयाची ती सामने संपल्यापासून तीस दिवसांच्या आंत केली पाहिजे. तो नियम त्या वेळीं कोणीं काढून पाहिला नाहीं.

थॉर्प त्यानंतर उघडपणें धंदेवाईक झाला. बेसबॉल व फुटबॉल तो अनेक वर्षें खेळला, आणि १९२० सालीं स्थापन झालेल्या धंदेवाईक फुटबॉल संघांच्या मंडळाचा पहिला अध्यक्षही झाला. वय झाल्यावर पैसा टिकला नाहीं, आणि दारूनेंही त्याचें नुकसान केलें. मंदीच्या काळांत तो मजुरीवर खड्डे खणी. १९३२ सालीं ऑलिंपिक सामने लॉस एंजेलिसलाच भरले, पण तिकिटापुरते पैसे त्याच्यापाशीं नव्हते. हें कळतांच अमेरिकेचे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस, ज्यांच्या अंगांतही इंडियन रक्त होतें, त्यांनीं त्याला आपल्याजवळ बसविलें; लोकांनीं उभें राहून टाळ्या वाजविल्या. १९५० सालीं वृत्तपत्रांच्या क्रीडालेखकांनीं त्याला अर्ध्या शतकांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडलें. २८ मार्च १९५३ रोजीं कॅलिफोर्नियांत तो वारला. पदकें परत मिळालीं नव्हतीं.

त्याचे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर व त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनीं पुढें तीस दिवसांच्या नियमाचें जुनें पुस्तक अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत शोधून काढलें. १९८२ सालीं ऑलिंपिक समितीनें त्याला पुन्हां विजेता ठरविलें, परंतु दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंच्या जोडीनें. आणि नवीं घडविलेलीं पदकें १९८३ च्या जानेवारींत त्याच्या मुलांच्या हातीं दिलीं. विस्लँडरनें तर तें सुवर्णपदक आपलें कधींच मानलें नव्हतें, असें त्याच्या घरच्यांनीं पुढें सांगितलें. शेवटीं जुलै २०२२ मध्यें, स्टॉकहोमनंतर एकशें दहा वर्षांनीं, दोन्ही स्पर्धांच्या पहिल्या क्रमांकावर जिम थॉर्प हें एकच नांव लिहिलें गेलें.