विश्लेषण : ‘यंग मॉड्युलस’वाले थॉमस यंग कोण? संगणकावर पूल तपासताना त्यांच्या आकड्याचे एकक का महत्त्वाचे?

पूल, इमारत किंवा क्रेन उभारण्याआधी अभियंते संगणकावर तिची चाचणी घेतात. त्यासाठी भरावा लागणारा एक मूलभूत आकडा आजही थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो.

डॉक्टर की शास्त्रज्ञ?

दोन्ही. यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधील मिल्वर्टन येथे क्वेकर कुटुंबात झाला. वैद्यकीय पदवी त्यांनी १७९६ मध्ये गॉटिंगेन येथे मिळवली. प्रकाश लहरींच्या रूपात प्रवास करतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. रोझेटा शिलालेखावरील इजिप्शियन लिपी उलगडण्यातही त्यांचा वाटा होता. १८११ पासून ते लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात डॉक्टर होते.

मॉड्युलस काय सांगतो?

पदार्थ ताणला किंवा दाबला जाण्याला किती विरोध करतो, हे. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानांचा यंग यांचा ग्रंथ १८०७ मध्ये आला. त्यात त्यांनी हा गुणधर्म त्याच पदार्थाच्या स्तंभाच्या रूपात मांडला. त्या हिशेबाने पोलादासाठी स्तंभाची उंची सुमारे २,६०० किलोमीटर येते! आज आपण वापरतो ते बल भागिले क्षेत्रफळ हे रूप फ्रान्सच्या नाविए यांनी १८२६ मध्ये दिले. म्हणजे गुणधर्म तोच, पण आकडा लांबीचा की दाबाचा, हे माहीत नसेल तर तो निरुपयोगी.

संगणकाला एकक कळत नाही?

अशी अनेक सॉफ्टवेअर फक्त आकडे घेतात. एककांचा मेळ वापरणाऱ्यानेच राखायचा असतो. पोलादाचा मॉड्युलस मीटर-न्यूटनमध्ये सुमारे २,००,००,००,००,००० येतो आणि मिलिमीटर-न्यूटनमध्ये २,००,०००. आराखडा मिलिमीटरमध्ये काढून पहिला आकडा भरला, तर पोलाद दहा लाख पट ताठ ठरते. तुळई जवळपास वाकतच नाही आणि धोकादायक रचना सुरक्षित दिसते.

घनतेचे काय?

इथेच अनेकांची गफलत होते. मिलिमीटर, न्यूटन आणि सेकंद घेतले, तर वस्तुमान टनात धरावे लागते. मग पोलादाची घनता ७८५० नव्हे, तर ०.००००००००७८५ होते आणि गुरुत्वत्वरण ९.८१ ऐवजी ९८१०. घनता ७८५० च ठेवली, तर कंपनांची वारंवारता दहा लाख पटींनी कमी येते. भूकंपाच्या तपासणीत अशा उत्तराला काहीच अर्थ उरत नाही.

मापांशी यंग यांचा आणखी संबंध?

ब्रिटनच्या तोलमापांचा विचार करणाऱ्या सरकारी आयोगावर यंग होते. तिथे १८२४ मध्ये कायदा होऊन देशभर एकसमान ‘इम्पीरियल’ मापे ठरली. १० मे १८२९ रोजी लंडनमध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चूक कशी पकडायची?

साधी तुळई घ्यावी, तिचा वाक कागदावर काढावा आणि संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावा. फरक हजार किंवा दहा लाख पटींचा असेल, तर आधी एकके तपासावीत.