योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे, आणि तो पुरुष बहुधा आपल्याच ज्ञातीतील असतो. यंदा प्रस्तुत लेखकाने ही प्रथा किंचित बाजूस सारली आहे, याबद्दल ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी. लक्ष्मणराव किर्लोस्कर सुताराच्या अगर लोहाराच्या घरी जन्मले नव्हते. त्यांच्या घरी ना भाता होता, ना तासणी. तथापि लोखंड आणि नांगर ही जी आपली वंशपरंपरागत क्षेत्रे, त्यांतच त्यांनी असे काही करून दाखविले की, त्यांचे चरित्र आपल्या समाजाने इतर कोणाहीपेक्षा अधिक बारकाईने वाचावयास हवे. हस्तकौशल्य आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. लक्ष्मणरावांजवळ त्याच्या जोडीला योजकता होती. व्यवसायात या दुसऱ्या गुणाचे मोल काय, हे त्यांच्या आयुष्यावरून जितके स्पष्ट कळते, तितके ग्रंथांवरूनही कळणार नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडिलांचे नाव काशिनाथपंत. शाळेच्या पुस्तकात लक्ष्मणरावांचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढणे व यंत्रे न्याहाळणे हे त्यांचे दोन छंद. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु दैवाची गती विचित्र असते. आपल्याला काही रंगांतील भेद नीट कळत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? अशा प्रसंगी दुसरा कोणी हताश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंगांची गरज नसते. ती विद्या त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत ते तो विषय शिकवू लागले. एक वाट बंद झाली असता हाती उरलेल्या शिदोरीवर दुसरी कोणती वाट चालता येईल, हा विचार करण्याची सवय त्यांना येथूनच लागली असावी.

मुंबईत सायकल ही वस्तू तेव्हा नवलाची होती. लक्ष्मणरावांनी तिचे भवितव्य ओळखले. ते स्वतः मुंबईहून सायकली पाठवीत व बेळगावी त्यांचे वडील बंधू रामूअण्णा त्या विकीत. इ. स. १८८८ मध्ये याच व्यवहारातून ‘किर्लोस्कर बंधू’ या पेढीचा आरंभ झाला. पुढे संस्थेत बढतीचा प्रसंग आला, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्यास मिळाली. हिंदी मनुष्याची पायरी कोठवर, हे त्या काळी ठरलेलेच असे. त्यांनी राजीनामा दिला व बेळगावची वाट धरली. हे कृत्य केवळ स्वाभिमानाचे होते असे मात्र समजू नये. मागे चालता धंदा होता आणि भावाचा भक्कम आधार होता. उडी मारण्यापूर्वी पाय कोठे पडणार हे त्यांनी पाहून ठेविले होते.

बेळगावी आल्यावर त्यांनी लहानसा कारखाना थाटला. सायकल ही परदेशी वस्तू. ती विकून दुकानदार होता येते, कारखानदार होता येत नाही. मग बनवावे काय? आपल्या मुलखात तेव्हा बहुतेक माणसे शेतीवर जगत. तेव्हा जो माल शेतकऱ्याला लागेल तोच खपेल, असा त्यांचा हिशेब दिसतो. म्हणून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. कडबा तसाच टाकला तर जनावर पाने खाते व धाटे तुडविते. कापून घातला तर वाया जात नाही. या यंत्राची गरज शेतकऱ्याला फारशी समजावून सांगावी लागत नव्हती.

खरी कसोटी लागली ती लोखंडी नांगराच्या वेळी. आपल्या वाडवडिलांनी घडविलेला बाभळीचा नांगर जमीन वरवर उकरीत असे. लोखंडी नांगर खोल जाऊन ढेकूळ पालथे करी आणि हरळी-कुंद्यासारखी चिवट तणे मुळासकट उपटून काढी. परंतु लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. तयार नांगर कारखान्यात पडून राहिले. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. या काळात माल चांगला असूनही पैसा अडकून राहिला. लक्ष्मणरावांनी मात्र नांगर सोडला नाही. शेतकऱ्याला न पटलेली गोष्ट वादाने पटत नाही, शेजाऱ्याच्या शेतातील उभे पीक पाहून पटते, हे ते जाणून होते. धीर हाही भांडवलाचाच एक भाग आहे. ज्याने तो आरंभीच हिशेबात धरला नाही, त्याचा धंदा पहिल्या मंदीतच बुडतो.

येथे प्रस्तुत लेखकास एक घरगुती आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे आजोबा गावचे सुतार. वर्षभर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करावयाचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुते घ्यावयाचे, हा त्यांचा क्रम. त्यांच्या हाताला अशी सफाई होती की, त्यांनी घातलेला सांधा बोटाला कळत नसे. गावात लोखंडी नांगर आला तेव्हा इतरांप्रमाणे त्यांनीही त्याची निंदा केली. पुढे त्याच नांगरांचे मोडके भाग बदलण्यासाठी शेतकरी त्यांच्याकडे येऊ लागले आणि ते मुकाट्याने ते काम करू लागले. ते सुटे भाग तालुक्याच्या बाजारातून आणून विकण्याचे काम मात्र एका किराणा दुकानदाराने उचलले, आणि दोन पैसे त्यानेच मिळविले. नांगर कोठे मोडतो हे आजोबांना दुकानदारापेक्षा अधिक कळत होते. फक्त पुढच्या वर्षी गावाला काय लागेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नाही. त्यांनी घडविलेला शेवटचा नांगर अद्याप आमच्या माळ्यावर आहे. असो.

बेळगावी कारखाना मूळ धरू लागला तोच नगरपालिकेने जागा सोडण्याविषयी फर्मावले; त्या भागात वस्ती वाढवावयाची होती. याच सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी कलाप्रेमी व उद्योगप्रेमी राजे होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. ती जागा म्हणजे निव्वळ माळरान. निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याचे दुर्भिक्ष. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला.

वरवर पाहता हा वनवासच. तथापि बारकाईने पाहिले तर या निवडीत मोठे शहाणपण होते. जमिनीलगत पुणे-मिरज लोहमार्गाचे स्थानक होते, म्हणजे कच्चे लोखंड व कोळसा दारी उतरावा आणि नांगर दारातूनच रवाना व्हावेत. सभोवती शेतीचा मुलूख, म्हणजे गिऱ्हाईक जवळ. डोक्यावर कृपावंत संस्थानिक, म्हणजे पुन्हा कोणी उठविण्याची भीती नाही. निवडुंग चार महिन्यांत तोडता येतो. रेल्वेचे स्थानक मात्र हलवून आणता येत नाही. कोणती अडचण तात्पुरती व कोणती कायमची, एवढा विवेक ज्याला करता येतो त्यालाच जागा निवडता येते. पुढे त्या स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

माणसांची निवडही त्यांनी अशीच केली. रामूअण्णांनी गावाची आखणी व पाणीपुरवठा पाहिला. शंभोराव जांभेकर यंत्रकाम पाहत, मंगेशराव रेगे हिशेब व लेखनिकी, तर अनंतराव फळणीकर, ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते, ते यंत्रविद्येत तरबेज झाले. पदवीपेक्षा मनुष्याचा कल पाहून काम देण्याची ही रीत होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी वाडीत रात्रीच्या राखणीचे काम दिले व त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही, ही गोष्ट तर ज्ञातीच्या स्मरणिकेत आवर्जून लिहिली पाहिजे. जो कारखाना जात पाहून हात निवडतो, तो निम्मे चांगले हात गमावतो.

इ. स. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येण्याचे थांबले, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. परंतु त्याच कारणाने लोखंड, कोळसा व रंग हेही मिळेनासे झाले. गिऱ्हाईक दारी आणि माल नाही, अशी अवस्था. लक्ष्मणरावांनी जुने मोडके लोखंड गोळा करविले व पर्यायी वस्तूंचे प्रयोग केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा त्यांना वितळविण्यासाठी दिल्या. ज्या तोफांनी एके काळी गड राखले, त्यांचे नांगर होऊन ते रानोरान गेले. लोखंडाला याहून चांगली सद्गती कोणती मिळणार!

इ. स. १९२० मध्ये पेढीचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रातील एक मान्यवर मासिक झाले.

नांगराला एवढे यश आल्यावर दुसरा कोणी तेवढ्यावरच संतुष्ट राहिला असता. परंतु नांगराची विक्री हंगामी. पाऊस फसला की शेतकरी खरेदी पुढे ढकलतो, आणि ओतशाळेतील मजुराला मात्र बारा महिने पोट असते. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याचे सबंध वर्ष नजरेसमोर ठेविले असावे. ऊस आला तेथे चरक हवा, भुईमूग आला तेथे शेंगा फोडण्याचे यंत्र हवे, आणि या सर्वांच्या मुळाशी पाणी हवे. इ. स. १९२६ पासून वाडीत पंप तयार होऊ लागले. नांगराने जे नाव मिळविले, त्याच नावावर पंप गेले. इ. स. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. त्या काळात कारखान्याने लोखंडी खुर्च्या-टेबलेही बनविली. अंगी असलेली विद्या एकच, पण ती अनेक मालांत घालता येते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढील पिढीची तयारीही त्यांनी वेळीच केली. पुत्र शंतनुराव यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेत पाठविले. १९२६ मध्ये ते पदवी घेऊन परतले. इ. स. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे निर्माण करणारा कारखाना निघाला, इ. स. १९४६ मध्ये पुण्यास तेलाच्या इंजिनांचा व बंगलोरास विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. इ. स. १९४८ च्या आरंभी, महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची जाळपोळ झाली. जन्मभराची मिळकत राख होताना पाहणे त्या वयात नशिबी आले. तथापि कारखाना पुन्हा उभा राहिला. कारण तो चालविणारी माणसे व त्यांना लागलेले वळण जळाले नव्हते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. इ. स. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

या चरित्राचे तात्पर्य काय? लक्ष्मणरावांना राजाश्रय मिळाला, भावाची साथ मिळाली, हे खरे. प्रत्येकाला ते मिळत नाही. परंतु त्यांनी जे प्रश्न स्वतःला विचारले, ते विचारण्यास राजाश्रय लागत नाही. माझा माल कोणाला हवा? तो वर्षातून कितीदा लागेल? उद्या त्याची गरज सरली तर माझे हात आणखी काय करू शकतील? आणि माझ्यामागे हे काम कोण सांभाळील?

आज आपल्या समाजातील कित्येक तरुणांनी लोखंडी कामाच्या शेड घातल्या आहेत, कित्येक फर्निचरचे काम करतात. त्यांचे कसब वादातीत आहे. परंतु दारे, कपाटे, स्वयंपाकघराचे ओटे आता कारखान्यातून तयार होऊन येऊ लागले आहेत. आमच्या आजोबांसमोर लोखंडी नांगर जसा येऊन उभा राहिला, तसाच हा प्रसंग आहे. या नव्या मालाची निंदा करण्यात दिवस घालवावयाचे, की तो बसवून देणे, दुरुस्त करणे, आणि चार घरांनी मिळून स्वतःच तो तयार करणे, यांपैकी आपल्याला काय साधेल याचा विचार करावयाचा? मंडळाच्या पुढील वार्षिक सभेत शिष्यवृत्त्यांच्या जोडीने या प्रश्नावर दोन तास बसून विचार व्हावा, अशी एका निवृत्त शिक्षकाची नम्र सूचना आहे. हाताचे कौशल्य आपल्याला पूर्वजांनी दिले आहे. योजकता मात्र प्रत्येक पिढीला स्वतःच कमवावी लागते.