दुरुस्तीच्या दुकानात वाढले, शंभर वर्षं टिकणारी शिकारी रायफल देऊन गेले

जॉन मोझेस ब्राउनिंग हे नाव आपल्याकडं फार कुणाला माहीत नसेल. पण बंदुकीच्या धंद्यात एवढा मोठा कारागीर दुसरा सापडणं अवघड. त्यांच्या नावावर 128 पेटंट आहेत.

23 जानेवारी 1855 रोजी अमेरिकेतल्या युटा भागात ऑग्डेन गावी त्यांचा जन्म झाला. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करायचे. घरात 22 लेकरं. जॉन लहानपणापासून दुकानातच. गावोगावच्या मोडक्या बंदुका तिथं यायच्या. कुठं गंज धरतो, कुठला भाग आधी झिजतो, हे पोरानं हातानंच शिकून घेतलं.

1879 साली वडील वारले. त्याच वर्षी जॉन यांना पहिलं पेटंट मिळालं. भावांना घेऊन त्यांनी ती रायफल बनवायला घेतली. 1883 मध्ये विंचेस्टर कंपनीचा माणूस ऑग्डेनला आला आणि 8,000 डॉलर देऊन हक्क घेऊन गेला. पुढं बरीच वर्षं ही कंपनी त्यांचे नमुने एकरकमी विकत घेत राहिली.

1902 च्या सुमारास बिनसलं. आपोआप भरणाऱ्या नव्या बंदुकीवर ब्राउनिंग यांनी विक्रीतला वाटा मागितला. कंपनी नाही म्हणाली. ते उठले आणि पुढं नमुना घेऊन बेल्जियमला गेले.

त्याच काळातली त्यांची शिकारी रायफल रेमिंग्टन कंपनीनं 1906 साली बाजारात आणली. पुढं तिला मॉडेल 8 नाव पडलं. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट एकत्र मागं सरकतात. मग नळी पुढं जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि बोल्ट पुढं येताना नवं काडतूस भरतो. शिकाऱ्यानं फक्त दरवेळी चाप ओढायचा.

एवढं सगळं सरकतं म्हटल्यावर निगाही तशीच लागते. ही नळी एका पत्र्यासारख्या बाहेरच्या नळीच्या आत सरकते. तिथं जाड तेल साचून चिकट झालं की थंडीत नळी नीट पुढं येत नाही. म्हणून तेल पातळ आणि थोडंच लावायचं. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत क्षार असायचा. युरियाची पिशवी पावसाळ्यात ओल धरते, तसा तो नळीत ओल धरायचा आणि गंज चढायचा. नुसत्या तेलानं तो जात नाही. म्हणून जाणते शिकारी त्याच दिवशी गरम पाणी नळीतून सोडायचे, गजाला चिंधी लावून कोरडं करायचे, मग तेलाचा हात फिरवायचे. सगळ्यात आधी मात्र बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यानं बघायचं. आतली स्प्रिंग फार ताठ असते. ती घरी न उघडता मिस्त्रीकडंच न्यायची.

26 नोव्हेंबर 1926 रोजी बेल्जियममधल्या कारखान्यात काम करतानाच ब्राउनिंग हृदयविकारानं गेले. वय 71. त्यांची रायफल 1936 पर्यंत आणि थोडा बदल होऊन 1950 पर्यंत बनत राहिली. अमेरिकेत काही घरांत पणजोबांची तीच रायफल अजून चालते. ज्यांनी ओली तशीच भिंतीला टेकवली, त्यांच्याकडं गंजलेलं लोखंड उरलं. औषध मारून पंप न धुता ठेवला तर काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.