मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्याच कमलाबाईंनी बटाट्यात काय शोधलं?

बीडच्या रानातलं सोयाबीन असो की आपल्या स्वयंपाकघरातला बटाटा, प्रत्येक झाडाच्या आत एक वायरिंग असतं. त्यातून इलेक्ट्रॉन धावतात आणि झाड जगतं. हे वायरिंग शोधणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण.

1933 मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएस्सीत शिकलेले. कमलाबाईंनीही तिथंच अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाईंनी थेट बंगळूर गाठलं आणि जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अट घालून. वर्षभर काम बघायचं, पसंत पडलं तरच मान्यता. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि पुढं इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

मग त्या केंब्रिजला गेल्या. तिथं मार्गदर्शक मिळाले रॉबिन हिल. पानातली हरितलवकं बाहेर काढून योग्य रसायनासोबत उजेडात ठेवली, तरी ती ऑक्सिजन सोडतात, हे दाखवणारे हेच ते हिल.

कमलाबाईंनी बटाटा घेतला. त्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. हे प्रथिन इलेक्ट्रॉन एकाकडून घेतं आणि पुढच्याला देतं. प्राण्यांच्या श्वसनात ते असतं हे माहीत होतं. वनस्पतींच्या पेशीही तसाच श्वास घेतात, हे यातून कळलं. 1939 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

आता प्रश्न पडेल, श्वसनाचा प्रकाशसंश्लेषणाशी काय संबंध? तर याच कुटुंबातलं सायटोक्रोम एफ पुढं हिल यांना हरितलवकात सापडलं. पान सूर्यप्रकाशातून अन्न कसं बनवतं, हे कोडं सुटायला त्यामुळं मदत झाली.

गोष्ट इथं थांबत नाही. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी शेवाळातलं सायटोक्रोम सी6 तंबाखूच्या झाडात घातलं. शेतात लावलेली ती झाडं पाणी जास्त काटकसरीनं वापरत होती. पाऊस दगा देतो अशा जिल्ह्याला यातलं मोल वेगळं सांगायला नको. अर्थात, हा प्रयोग तंबाखूवरचा होता.

कमलाबाई 1939 मध्येच भारतात परतल्या. पुढं त्यांनी नीरेतल्या पोषणावर काम केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. 1998 मध्ये त्या गेल्या. एकेकाळी जिला विज्ञान संस्थेत घ्यायला नकार मिळाला, तिनंच शेवटी एक विज्ञान संस्था चालवली.