पाच वर्षांचे मौन

कुवेतला आल्यावर इकाम्यासाठी आपण सगळेच छातीच्या एक्स-रेच्या रांगेत उभे राहिलेलो आहोत. ती तपासणी मुख्यतः क्षयाची असते. आज क्षय औषधांनी बरा होतो, पण स्वातंत्र्याच्या काळात त्याचे नाव निघाले तरी घर हादरून जाई. त्याच काळात या रोगाने पं. कुमार गंधर्वांना गाठले.

कुमारजींचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी झाला. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. लहानपणी ते तबकड्या ऐकून थोर गवयांची गाणी हुबेहूब म्हणत. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांची रीतसर तालीम झाली. १९४७ साली भानुमतीबाईंशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. गाल तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले.

कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये हे जोडपे माळव्यातील देवासला गेले. भानुमतीबाईंनी अहोरात्र शुश्रूषा केली. कुमारजींना गाता येत नव्हते, पण ऐकता येत होते. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची सणासुदीची गाणी आणि फिरत्या भजनकऱ्यांची निर्गुणी भजने कानांवर पडत. रागांचे मूळ या साध्या लोकधुनांत आहे, हे त्यांना तिथे उमगले. १९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, प्रकृती सुधारली आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले.

आता दमसास पूर्वीचा राहिला नव्हता. दुसऱ्या कोणासारखे गाणे शक्यच नव्हते. मग श्वास पुरेल तेवढ्या छोट्या, नेमक्या स्वरसमूहांतून त्यांनी गाणे उभे केले. लोकधुनांतून मालवती, लगनगंधार असे नवे राग बांधले, ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा संग्रह १९६५ मध्ये काढला आणि निर्गुणी भजने मैफलीत आणली. १९६१ मध्ये भानुमतीबाई गेल्या. पुढे वसुंधराताईंची साथ मिळाली. १९९० मध्ये पद्मविभूषण लाभले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारजींचे निधन झाले. डॉक्टरांच्या त्या इशाऱ्यानंतर ते चाळीसहून अधिक वर्षे जगले, आणि त्यांतली बहुतेक गात जगले.

तीन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. सहा आठवडे सालमियाच्या घरात पडून होतो. बुडालेले दिवस भरून काढायची, पुन्हा पूर्वीसारखे धावायची मला घाई झाली होती. त्या दिवसांत कुमारजींच्या सीडी ऐकल्या, चरित्र वाचले आणि ती घाई ओसरली. आजारातून उठल्यावर त्यांनी जुने गाणे परत मिळवण्याचा हट्ट धरला नाही. जेवढा श्वास उरला होता, त्यात काय गाता येईल हे शोधले. आपल्यापैकी कोणी आज दुखण्यातून उठत असेल, तर त्याने कुमारजींचे एखादे निर्गुणी भजन जरूर ऐकावे.