विजेच्या ठिणगीला गायला लावणारा विल्यम डडेल

वेल्डिंगच्या दुकानाजवळून जाताना ठिणगीचा चर्रर्र आवाज सगळ्यांनीच ऐकलाय. त्याच ठिणगीतून सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने चक्क गाणं वाजवून दाखवलं. ना कर्णा, ना पडदा, नुसती वीज! हा माणूस म्हणजे इंग्लंडचा विल्यम डडेल.

डडेल यांचा जन्म १८७२ साली लंडनमध्ये झाला. शिष्यवृत्त्या मिळवत ते तिथल्याच तंत्र महाविद्यालयात शिकले. विजेचा प्रवाह क्षणाक्षणाला कसा वर-खाली होतो, हे डोळ्यांना दाखवणारं ऑसिलोग्राफ नावाचं यंत्र त्यांनी १८९७ च्या सुमारास तयार केलं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं पंचवीस.

त्या काळी रस्त्यांवर आजच्यासारखे बल्ब नव्हते. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटती ठेवून उजेड पाडायचे. हे दिवे उजेड भरपूर द्यायचे, पण सतत गुणगुणायचे, फुसफुसायचे. लोक वैतागायचे. हर्था आयर्टन या शास्त्रज्ञ महिलेने १८९९ मध्ये फुसफुशीचं कारण शोधलं: हवेतला ऑक्सिजन तापलेल्या कार्बनला भिडतो म्हणून हा आवाज होतो.

डडेल यांनी मात्र आवाज बंद करण्याऐवजी त्याला ताब्यात घेतलं. दिव्याला त्यांनी तारेचं वेटोळं आणि कंडेन्सर जोडला. आपल्या पाण्याच्या मोटारीला कंडेन्सर असतो ना, त्याच जातीचा. त्यामुळे प्रवाह ठरावीक वेगाने कमी-जास्त होऊ लागला. प्रवाह वाढला की ठिणगीभोवतीची हवा तापून फुगते, कमी झाला की आकसते. हवेचं हे हलणं म्हणजेच आवाज. वेटोळं किंवा कंडेन्सर बदलला की सूर बदलतो. मग काय, त्यांनी पेटीला असतात तशा पट्ट्या बसवल्या आणि १९०० साली लंडनच्या वीज अभियंत्यांच्या संस्थेत दिव्यावर धून वाजवून दाखवली. त्याच लाइनवरचे दुसरे दिवेही गाऊ लागले, असं सांगतात.

डडेल यांनी या शोधाचं पेटंट घेतलं. १९०३ मध्ये डेन्मार्कच्या वाल्डेमार पौलसेन यांनी हीच ठिणगी हायड्रोजनमध्ये पेटवली, तिचा वेग कितीतरी वाढवला आणि त्यातून रेडिओलहरी निघाल्या. पुढे अनेक वर्षं बिनतारी संदेश या पद्धतीने जात राहिले.

१९०७ मध्ये डडेल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ज्या संस्थेत दिवा गायला होता, तिचेच ते १९१२ मध्ये अध्यक्ष झाले. पहिलं महायुद्ध चालू असताना, ४ नोव्हेंबर १९१७ ला त्यांचं निधन झालं. वय फक्त ४५.

एक लक्षात ठेवा, ठिणगीचा हा खेळ घरी करायचा नाही. जीव जाऊ शकतो, डोळेही जाऊ शकतात. घ्यायचीच तर डडेल यांची नजर घ्यावी. सगळे ज्या आवाजाला कटकट म्हणत होते, तो त्यांनी कान देऊन ऐकला.