गाडीतलं वजन काढता काढता : फ्लायव्हील, क्लच आणि लोटसवाला कॉलिन चॅपमन

धानाच्या हंगामात मूल-सिंदेवाहीकडून आरमोरीकडे जाताना बांधावर अजूनही एखादं जुनं डिझेल इंजिन धडधडताना दिसतं. त्याला बाजूनं भलीमोठी लोखंडी चाकं असतात. हँडल मारताना घाम फुटतो तो या चाकांमुळे, आणि इंजिन बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं तेही त्यांच्यामुळेच. हेच फ्लायव्हील.

त्याचं काम सोपं आहे. पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, तेव्हा कुठे एकदा स्फोट होऊन ताकद मिळते. उरलेल्या तीन वेळा इंजिन उधारीवर चालतं आणि ती उधारी फ्लायव्हील देतं. सुरजागडचं लोहखनिज भरलेला ट्रक एटापल्लीच्या रस्त्यावर चढावर थांबला आणि पुन्हा निघाला, तर त्या क्षणी इंजिन बंद पडू न देणारं जड चाक हेच.

मग हे चाक मुद्दाम हलकं केलं तर?

स्पोर्ट्स कारवाले नेमकं तेच करतात. आणि गाडीतलं वजन काढणं या एकाच नादापायी आख्खं आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे कॉलिन चॅपमन. लोटस कंपनी त्यानंच काढली. फॉर्म्युला वनमध्ये त्याच्या टीमनं ७ वेळा कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकली. पण त्याच्या गाडीत बसायचं म्हटलं की ड्रायव्हरच्या पोटात गोळाही यायचा.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. घरचं हॉटेल होतं. पोरगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. म्हणजे शिक्षण पूल आणि इमारतींचं, गाड्यांचं नव्हे. कुठल्या दांडीवर किती ताण येतो आणि कुठली दांडी नसली तरी चालेल, हे त्याच्या डोक्यात कॉलेजातच पक्कं बसलं.

शिकता शिकता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. १९४७ साली इंग्लंडमध्ये सरकारनं खासगी गाड्यांचं पेट्रोल बंद केलं आणि हा धंदा झोपला. हातात न खपलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन राहिली. मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्यानं ती सोलून काढली आणि प्लायवूड-ॲल्युमिनियमची नवी बॉडी चढवली. १९४८ सालची ही गाडी म्हणजे पहिली लोटस. पुढे १९५२ मध्ये हेझलकडूनच २५ पौंड उसने घेऊन त्यानं लोटस इंजिनिअरिंग सुरू केली, तीही बापाच्या हॉटेलमागच्या तबेल्यात. दोन वर्षांनी दोघांचं लग्न झालं.

ऑस्टिन सेव्हनचं इंजिन होतं ७४७ सीसीचं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाईकएवढं. त्यातून ताकद काढून काढून किती काढणार? म्हणून त्या काळची गॅरेजमधली पोरं उलट्या बाजूनं हिशेब करायची. ताकद वाढत नाही ना, मग ओझं कमी करा. फ्लायव्हील लेथवर चढवून त्याची कड खरवडणं हा ऑस्टिन सेव्हनवाल्यांचा ठरलेला उद्योग होता.

कडच का, ते समजून घेण्यासारखं आहे. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन मधल्या आसापासून जितकं लांब, तितकं ते वर्गाच्या पटीत महाग पडतं. मधलं एक किलो काढलं तर फारसा फरक पडत नाही, कडेचं एक किलो काढलं की इंजिनचा स्वभाव बदलतो.

एक ढोबळ हिशेब करू. समजा आसापासून १३ सेंटीमीटरवरचं ३ किलो लोखंड काढलं. पहिल्या गियरमध्ये इंजिन १३ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं, आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर आहे असं धरा. तर वेग घेताना गाडीला हे ३ किलो सुमारे ९५ किलोंइतके जाणवतात! म्हणजे दीड माणूस खाली उतरला. टॉप गियरमध्ये मात्र हाच फायदा जेमतेम ८ किलोंवर येतो. म्हणून हलक्या फ्लायव्हीलनं गाडीचा टॉप स्पीड वाढतो, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. फायदा खालच्या गियरमध्ये आणि गियर बदलताना आहे. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन टपकन चढतं, सोडला की टपकन उतरतं.

तोटेही त्याच हिशेबातून येतात. उधारी देणारा सावकारच बारीक झाला की इंजिन हळू चालताना अडखळतं. जटपुरा गेटच्या गर्दीत क्लच जरा लवकर सुटला की गाडी बंद. चढावर तर विचारूच नका.

क्लच बदलावा लागतो तोही बहुतेकदा याच सोबत. फ्लायव्हील काढायचं तर गियरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, मग जुनी क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग परत कोण बसवणार? दुसरं म्हणजे क्लचची प्लेट आणि प्रेशर प्लेटही फिरतात, त्यांचंही वजन हिशेबात धरावं लागतं. रेसिंगवाले क्लचचा व्यासच कमी करतात. पण व्यास कमी झाला की पकड कमी होते, म्हणून प्लेटा वाढवतात आणि स्प्रिंग कडक घालतात. परिणाम असा की पेडल दगडासारखं होतं आणि क्लच एक तर पूर्ण लागतो नाही तर पूर्ण सुटतो, मधलं काही नाही.

बसवतानाची शिस्तही कडक आहे. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्यायचे आणि टॉर्क रेंचनंच आवळायचे. चाक बसवल्यावर ते डुलत तर नाही ना, हे डायल गेजनं बघायचं. क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील आणि क्लच यांचं एकत्र बॅलन्सिंग करून घ्यायचं. आणि जुनं बिडाचं चाक वाटेल तितकं खरवडायचं नाही. मिनिटाला ७ हजार फेऱ्यांवर बिडाचं चाक फुटलं, तर त्याचे तुकडे गियरबॉक्सचं कवच आणि गाडीचा पत्रा फाडून थेट ड्रायव्हरच्या पायापर्यंत येतात. म्हणून हलकं चाक हवं असेल तर ते पोलादाच्या अख्ख्या तुकड्यातून कापलेलं घेतात.

खरवडायचं, पण कुठवर? चॅपमनच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी त्यानं थोडं जास्तच खरवडलं.

१९५७ मध्ये त्यानं लोटस सेव्हन आणली. दार नाही, धड छप्पर नाही, आणि कर वाचावा म्हणून सुट्या भागांत विकलेली. तिचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमनं घेतले आणि ती गाडी आजही बनते. १९६२ ला लोटस २५ आली. तिच्यात त्यानं नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि पत्र्याच्या पेटीलाच सांगाडा केलं. त्याच जातीच्या गाड्यांवर जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ ला जगज्जेता झाला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर मागचा सांगाडाच नव्हता, इंजिनच सांगाडा झालं. ते कॉसवर्थ इंजिन बनवणारे माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ दोघंही आधी चॅपमनकडेच कामाला होते.

दुसरी बाजू मात्र लवकर दिसायला लागली होती. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं. टेलर वाचला, पण त्याची कारकीर्द संपली. त्यानं कंपनीवर दावा ठोकला.

१९६९ मध्ये बार्सिलोनाला ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. रिंट जखमी झाला आणि बरा होता होता त्यानं चॅपमनला पत्र लिहिलं. त्याचं मागणं फार नव्हतं. तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की चार-दोन किलो वाढले तरी आपण जिंकूच, तेवढे किलो नाजूक भागांवर खर्च करा, अशा अर्थाचं ते पत्र होतं.

पुढच्या वर्षी रिंट लोटस ७२ चालवत होता. या गाडीचे पुढचे ब्रेक चाकात नव्हते. चाकाचं वजन कमी व्हावं म्हणून ते आत सरकवले होते आणि एका दांड्यानं चाकाला जोडले होते. ५ सप्टेंबर १९७० ला मोन्झाच्या सरावात उजवा दांडा तुटला, गाडी कठड्यावर गेली आणि रिंट गेला. त्याचे गुण इतके होते की उरलेल्या शर्यतींत कुणी गाठू शकलं नाही. मरणानंतर फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव ड्रायव्हर आहे.

चॅपमन थांबला का? नाही. १९७४ च्या लोटस ७६ मध्ये त्यानं क्लचच्या पेडलची गरज जवळजवळ संपवली. क्लच विजेवर, त्याचं बटण गियरच्या दांड्यावर. निघताना तेवढा पाय वापरायचा, पुढे डावा पाय ब्रेकसाठी मोकळा. आज फॉर्म्युला वनमध्ये क्लचचं पेडल नसतंच, म्हणजे विचार चुकीचा नव्हता. पण तो क्लच भरवशाचा निघाला नाही. ड्रायव्हर वैतागले आणि रॉनी पीटरसन पुन्हा जुन्या ७२ वर बसला. त्या वर्षी त्यानं मोनाको, फ्रान्स आणि इटली अशा तीन शर्यती जिंकल्या, त्याही चार वर्षं जुन्या डिझाइनवर, साध्या पेडलच्या क्लचवर.

१९७८ ला मारिओ आंद्रेती लोटसवर जगज्जेता झाला, आणि त्याच मोन्झात झालेल्या अपघातानंतर पीटरसन दगावला. तो लोटसचा शेवटचा मोठा विजय.

त्यानंतर डीलॉरियन प्रकरण निघालं. ब्रिटिश सरकारनं डीलॉरियनच्या गाडीसाठी दिलेले लाखो पौंड परस्पर वळवले गेले होते आणि त्यात चॅपमनचंही नाव होतं. लोटसचा हिशेब सांभाळणारा फ्रेड बुशेल पुढे तुरुंगात गेला. चॅपमन हयात असता तर त्याला किमान १० वर्षं झाली असती, असं न्यायाधीशांचं मत पडलं.

पण खटल्याआधीच, १६ डिसेंबर १९८२ ला, वयाच्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. त्याच दिवशी त्याच्या टीमनं एक नवी गाडी ट्रॅकवर उतरवली होती. तिच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम कॉम्प्युटर आणि तेलाचा दाब करणार होते. ही कल्पनाही चॅपमनच्याच लोटसमधली. पंप, नळ्या आणि तेल यांमुळे तिचं वजन मात्र वाढलं होतं.